सोनेरी महल नीट कसा बघावा: आधी वाडा, मग कपाटं

सोनेरी महलात सोनं शोधायला गेलात तर दहा मिनिटांत बाहेर याल आणि रिक्षात बसता बसता म्हणाल, "आत काहीच नाही की हो." असं म्हणणारे पाहुणे मी भरपूर ऐकलेत. त्यांचं अगदीच चूक नाही. आत सिंहासन नाही, झुंबरं नाहीत, मखमली पडदे नाहीत. भिंतींवर एके काळी सोनेरी चित्रकाम होतं म्हणून हे नाव पडलं, आणि त्यातलंही आता फार थोडं उरलंय. पण मोगल काळातल्या एका मोठ्या सरदाराचा राहता महाल आत शिरून, जिने चढून बघायचा असेल तर छत्रपती संभाजीनगरात इतका शाबूत दुसरा दाखवणं अवघड आहे. औरंगजेबाच्या किले अर्क महालाचे अवशेष झालेत, नौखंडा महालाचं रूप पार बदललंय. हा मात्र अजून घरासारखा उभा आहे. राज्य पुरातत्त्व खात्याने इथे संग्रहालय केल्यामुळे तो सगळ्यांना उघडाही आहे.

अडचण एवढीच की आपण संग्रहालयात शिरलो की सरळ कपाटांकडे जातो. काचेच्या आतलं बघतो आणि ज्या भिंतीला ते कपाट टेकवलंय ती भिंत बघतच नाही. इथे उलटं करायचं. पहिली फेरी वाड्याची, दुसरी वस्तूंची. दोन्ही मिळून दोन-अडीच तास हाताशी ठेवा.

घर कुणाचं होतं, हे आधी माहीत हवं

आत पाट्या आहेत, पण त्या मोजकं बोलतात. म्हणून एवढी माहिती घरूनच घेऊन निघा.

हा महाल बुंदेलखंडातल्या ओर्छ्याच्या बुंदेला घराण्यातल्या राजा पहाडसिंहाचा. बांधकाम सतराव्या शतकाच्या मध्याचं, १६५० च्या दशकाच्या सुरुवातीचं. पहाडसिंहाचा बाप वीरसिंहदेव. शाहजादा सलीमच्या सांगण्यावरून १६०२ साली अबुल फजलला मारणारा तो हाच. सलीम पुढे जहांगीर म्हणून तख्तावर बसला आणि वीरसिंहाचं नशीब फळफळलं. ओर्छ्याचा जहांगीर महाल आणि दतियाचा राजवाडा ही त्याचीच बांधकामं. त्याचा मोठा मुलगा जुझारसिंह शाहजहानविरुद्ध उठला, तेव्हा १६३५ साली ओर्छ्यावर फौज गेली. त्या फौजेचा नावापुरता सेनापती होता कोवळ्या वयाचा औरंगजेब. पुढे १६४१ च्या सुमारास ओर्छ्याची गादी पहाडसिंहाला मिळाली आणि मोगलांच्या चाकरीत तो दख्खनला आला. ज्याने पहाडसिंहाच्या भावावर फौज आणली, पुढे दख्खनचा सुभेदार झालेल्या त्याच शाहजाद्याच्या दरबारात हजेरी लावायला बांधलेलं हे घर आहे. ही गोष्ट मनात ठेवून पायऱ्या चढा, महाल वेगळा दिसतो.

आणि एक. ही राजाची राजधानी नव्हती, नेमणुकीवरचा मुक्काम होता. त्याचे खरे महाल बेतवेच्या काठी. म्हणून जयपूर-म्हैसूरची अपेक्षा घेऊन येऊ नका.

असे मुक्काम शहरभर होते. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचं १६५३ मध्ये औरंगाबाद झालं आणि सुभेदाराबरोबर आलेल्या राजांनी आपापली पुरं वसवली. महाल आहे तो भाग पहाडसिंगपुरा. बिकानेरच्या करणसिंहाचा कर्णपुरा, जिथे आता नवरात्रात देवीची जत्रा भरते. त्याच्या मुलाचा पदमपुरा, मिर्झाराजांचा जयसिंगपुरा. आपण रोज रिक्षावाल्याला जी नावं सांगतो ती सगळी सरदारांची आहेत.

वार आणि वेळ

राज्य शासनाची संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, शिवाय सरकारी सुट्ट्या. निघण्याआधी एकदा खात्री करून घ्या. बाहेरगावहून येणाऱ्यांनी सगळा बेतच वारांवर बसवावा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. म्हणजे मंगळवार हा शहरातली ठिकाणं बघायला सोयीचा दिवस. शनिवार-रविवारी वेरूळ आणि देवगिरी करून सोमवारी सोनेरी महलाच्या बंद दारावर येणारे लोक असतात, त्यांच्यात जमा होऊ नका.

ऋतू म्हणाल तर पाऊस सरता सरता ते फेब्रुवारीपर्यंत. भाद्रपद-आश्विनात मागचा डोंगर हिरवा असतो आणि महाल त्यावर उठून दिसतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको. यायचंच असेल तर दार उघडताना हजर राहा आणि अकराच्या आत आवार सोडा. गंमत म्हणजे त्या दिवसांत आतली दालनं बाहेरच्यापेक्षा बरीच गार लागतात. जाड भिंत आणि चुना म्हणजे काय, हे तेव्हा अंगाला कळतं.

वेरूळ-अजिंठा महोत्सव याच आवारात होत आलाय. गाणं-नाचणं ऐकायला-बघायला तेव्हा जरूर या. रोषणाईत महाल देखणा दिसतो. पण वाडा नीट बघायचा असेल तर मंडप घालायच्या आधी किंवा काढल्यानंतर. खुर्च्यांच्या रांगांमधून आवाराचा अंदाज येत नाही.

पोचायचं कसं

सोपी खूण म्हणजे विद्यापीठ गेट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसराला लागूनच डोंगराच्या पायथ्याशी महाल आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून किंवा रेल्वे स्टेशनवरून रिक्षा करताना "सोनेरी महल, विद्यापीठाच्या मागं" असं सांगा. नुसतं "महल" म्हटलं की बरेचदा बीबी का मकबऱ्याला नेऊन सोडतात. परतीची रिक्षा महालाच्या दारात लगेच मिळेल असं धरू नका. थांबवून ठेवा किंवा विद्यापीठ गेटपर्यंत चालायची तयारी ठेवा. स्वतःची गाडी असेल तर प्रश्नच नाही.

बरोबर काय घ्यायचं: पाण्याची बाटली, सुटे पैसे, एक छोटी बॅटरी, वही-पेन्सिल. बॅटरीला हसू नका, पुढे उपयोगी पडते. मोठी बॅग नेऊ नका. खायचं बाहेरच उरका.

आवारातच थांबा

समोरच्या मोठ्या दरवाजाला हत्तीखाना म्हणतात. बहुतेक जण तिथे एक सेल्फी काढून पुढे जातात. तुम्ही कमानीच्या बरोबर मधोमध उभे राहा आणि महालाकडे बघा. दरवाजा, मोकळं आवार, उंच जोत्यावरची दोन मजली इमारत आणि मागे डोंगर, असा हा क्रम आहे. येणाऱ्या माणसाला आधी अंतर चालायला लावायचं, मग पायऱ्या चढायला लावायच्या आणि त्यानंतर मालकासमोर उभं करायचं. दर्शनी भाग कसा दिसावा याचा विचार इथूनच केलेला आहे.

मग उलट करा. महालाच्या जोत्यावर चढून दरवाजाकडे पाठमोरं न होता तोंड करून उभे राहा. आता तुम्ही मालकाच्या जागी आहात, आणि कोण येतंय ते हत्तीखान्यापासून दिसतंय.

पहिली फेरी: भिंती, चुना, चौकटी

या फेरीत एकाही कपाटाकडे बघायचं नाही. पोरं बरोबर असतील तर त्यांच्याशी पैज लावा, नेमकी मोठी माणसंच हरतात.

कमानींपासून सुरुवात करा. कमान साधी टोकदार आहे की कडेला पाकळ्या पाडलेली, ते बघा. पाकळ्यांच्या कमानी शाहजहानच्या काळात मोगल बांधकामात रूढ झाल्या आणि पुढे राजपुतांपासून पेशव्यांपर्यंत सगळ्यांनी उचलल्या. मग नजर कमानीच्या वर न्या. छज्जा कशावर तोललाय, त्याखाली दगडी घोडे, म्हणजे भिंतीतून पुढे आलेले आधाराचे दगड, आहेत का? उत्तरेतला राजा आपली आवड बरोबर घेऊन आला, पण दगड आणि हात इथलेच लागले. दोन्हींची सरमिसळ कुठे दिसते, ते शोधण्यात अर्धा तास मजेत जातो.

पुढे चुना. या महालाचं बांधकाम दगड-चुन्याचं. जुना चुना दगडी घाण्यात मळायचे. बैल फिरायचा आणि दगडी चाक चुना-वाळू रगडत राहायचं. त्यात गूळ, बेलफळाचा गर, ताग असले पदार्थ गावोगावच्या रिवाजाप्रमाणे पडायचे. असा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत वर्षानुवर्षं घट्ट होतो आणि शेवटी पुन्हा चुनखडीच्याच जातीचा होतो. म्हणून अस्सल जुन्या गिलाव्याला गुळगुळीत, किंचित पिवळसर झाक असते आणि त्याच्या तड्या केसासारख्या बारीक असतात. जुन्या वाड्यांत जिथे नंतर कुणी सिमेंट थापलंय तिथे रंग राखाडी पडतो आणि शेजारच्या चुन्याला लोणा लागलेला दिसतो. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. ती आडवाटेने चुन्यातून बाहेर येते आणि येताना क्षार घेऊन येते. एकदा हे ओळखायला शिकलात की आपल्या गावच्या गढीत, बारवेत, देवळात सगळीकडे तेच दिसायला लागतं आणि थोडा त्रासही होतो.

आता बॅटरी काढा. चित्रकाम खाली शोधू नका. माणसाचा हात पोचतो तिथपर्यंत सगळं घासून गेलेलं असतं. छताच्या कडा, कमानीच्या पोटाची बाजू, कोनाड्यांच्या वरचा भाग, जिथे पाऊसही पोचला नाही आणि खांदेही, तिथे बघा. उजेड भिंतीवर सरळ मारायचा नाही. बॅटरी भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने धरा. तिरप्या उजेडात नुसत्या डोळ्याला सपाट वाटणाऱ्या पृष्ठभागावर रेघा, उंचवटे, रंगाचे पापुद्रे उठून येतात. कधी वेलबुट्टीची नुसती आखणी दिसते, कधी काहीच दिसत नाही. मोबाइलची बॅटरीही चालते, पण ती मंद करून, आणि दालनातल्या कर्मचाऱ्याला आधी विचारून.

कोनाड्यांची उंची बघा. आपण उभे राहिलो की काही कोनाडे आणि खिडक्यांचे उंबरे फारच खाली वाटतात. बैठक जमिनीवर असायची, गालिचावर, लोडाला टेकून. म्हणून अशा दालनात दोन मिनिटं खाली बसून बघावं. कर्मचारी काही म्हणत नाहीत, फार तर हसतात. बसल्यावर खिडकी बरोबर डोळ्यांसमोर येते आणि वाऱ्याची झुळूक चेहऱ्यावर.

जुनी दगडी चौकट जिथे शिल्लक असेल तिथे आणखी एक गोष्ट शोधा. आजच्यासारख्या बिजागऱ्या तेव्हाच्या मोठ्या दारांना नसत. फळीलाच वर-खाली गोल टोकं ठेवून ती दगडातल्या खळग्यांत बसवत. उंबरठ्याच्या कोपऱ्यात तो खळगा, फिरून फिरून गुळगुळीत झालेला, बोटभर खोल दिसतो. दाराच्या एका अंगाला भिंतीत चौकोनी भोक असेल तर ते अडसराचं. अडसर त्या भोकात सरकवून ठेवायचा आणि रात्री बाहेर ओढून दाराआड घालायचा. भोक ज्या बाजूला, ती बाजू आतली. एवढ्या एका खुणेवरून कुठलं दालन आतून बंद व्हायचं, कुठलं नुसतं ये-जा करायचं, याचा तर्क करता येतो. मला विचाराल तर कुठल्याही राजवाड्यात सोन्याच्या नक्षीपेक्षा ही भोकं जास्त बोलतात.

जिना चढताना सांभाळून. जुन्या बांधकामात पायऱ्या उंच असतात आणि उजेड कमी. वरचा मजला दर वेळी उघडा असेलच असं नाही, तेव्हा विचारायचं. आपल्याकडची रीत सोपी आहे: "मामा, वरलं दालन बघू देता का?" असं विचारलं तर शक्य असेल ते दाखवतात, वर दोन गोष्टी सांगतातही. "ए, वर कुठून जायचं?" असं विचारणाऱ्याला बंद आहे, एवढंच उत्तर मिळतं.

दुसरी फेरी: मूर्तींपुढे काय बघायचं

आता कपाटं आणि मूर्ती. दालनांची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून कुठल्या खोलीत काय ते सांगण्यात अर्थ नाही. मराठवाड्यातल्या कुठल्याही संग्रहालयात उपयोगी पडेल असं सांगतो.

आपल्याकडच्या मूर्ती बहुतेक काळ्या बेसाल्टच्या, चालुक्य आणि यादव काळातल्या मोडक्या देवळांतून आलेल्या. पाटीवर नुसतं "विष्णू" लिहिलेलं असतं. चार हातांतली आयुधं बघा. मूर्तीच्या उजव्या खालच्या हातापासून सुरू करा, मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. क्रम बदलला की नाव बदलतं. संध्येतली केशवाय नमः, नारायणाय नमः ही चोवीस नावं म्हणजे याच चार आयुधांचे चोवीस क्रम. चार वस्तू चार हातांत किती प्रकारे देता येतील हे गणित शाळेतल्या पोराला घालून बघा, उत्तर बरोबर चोवीस येतं. हात तुटलेले असतील तर मात्र ओळखायची हौस आवरती घ्यावी.

एका शिळेवर सात बायका रांगेत बसलेल्या दिसल्या तर त्या सप्तमातृका. पायाशी वाहनं असतात, एका टोकाला वीरभद्र आणि दुसऱ्याला गणपती असतो, आणि सातांमधली बरगड्या दिसणारी ती चामुंडा. तीर्थंकराच्या डोक्यावर सात फण्यांचा नाग असेल तर पार्श्वनाथ. खांद्यावर केसांच्या बटा रुळत असतील तर आदिनाथ.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड, खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई, बरेचदा गाई पळवणाऱ्यांशी झालेली. त्यावर अप्सरा वीराला घेऊन निघाल्यात. त्याच्यावर तो शिवलिंगापुढे बसलाय. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. लोक वरून बघायला लागतात आणि त्यामुळे गोष्टच कळत नाही.

मूर्तीला हात लावू नका, पायाशी नाणी ठेवू नका, आणि कृपा करून हळद-कुंकू वाहू नका. भाव समजतो. पण घामातलं मीठ आणि तेल दगडात मुरतं, कुंकवाचा रंग निघत नाही आणि कोरीव काम बुजून जातं.

खापरं दिसली की लोक पाऊल उचलतात. इथे मात्र रेंगाळा, कारण मराठवाड्याचा खरा मान खापरांतच आहे. पैठण, तेर आणि भोकरदन ही सातवाहन काळातली तीन मोठी गावं आपल्याच जिल्ह्यांतली. तिथे सापडणारं काळं-तांबडं भांडं आतून आणि तोंडाशी काळं, बाहेरून खाली तांबडं असतं. भट्टीत भाग कुठे हवेला उघडा राहिला आणि कुठे झाकला गेला, त्याचा तो परिणाम. पांढऱ्या मातीच्या छोट्या मूर्ती असतील तर त्या समोरून न बघता बाजूने बघा. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा आणि दोन्ही जोडल्याची बारीक रेघ कानापासून खाली उतरते. सातवाहनांची नाणी शिसं आणि मिश्रधातूची, म्हणून मळकट दिसतात. सोंड वर केलेला हत्ती शोधा. दुसऱ्या बाजूला चार गोळे आडव्या-उभ्या रेघांनी जोडलेले असतील तर ते उज्जैनी चिन्ह.

फोटो, पोरं आणि म्हातारी माणसं

फोटोची परवानगी दारातच विचारा. मिळाली तरी फ्लॅश नको, आणि ट्रायपॉडला सहसा वेगळी लेखी परवानगी लागते. लग्नाआधीच्या फोटोंसाठी येणाऱ्यांनी तर आधीच कार्यालयात बोलून घ्यावं, कमानीखाली वाद घालू नये.

आजी-आजोबांना जोत्याच्या पायऱ्या सावकाश चढवा. वरचा मजला जमत नसेल तर राहू द्या, तळमजला आणि आवारही पुरेसं आहे. पोरांना वही-पेन्सिल द्या आणि एकच कमान काढायला सांगा. शाळेची सहल नेणाऱ्या गुरुजींनी वर्गाचे दोन गट करावेत, एक आवारात आणि एक आत. साठ पोरं एका दालनात घुसली की कुणालाच काही दिसत नाही, फक्त आवाज घुमतो.

उरलेला दिवस

पाय धड असतील तर सोनेरी महल सकाळी करून मागच्या डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांना जा. बारा लेणी आहेत, बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली, आणि वेरूळच्या गर्दीचा इथे मागमूस नसतो. सातव्या लेण्यात आठ संकटांतून सोडवणारा अवलोकितेश्वर आणि आत वादक बायकांच्या मध्ये नाचणारी स्त्री, एवढं तरी बघाच.

चढायचं नसेल तर मकबरा जवळच. पण तो दुपार कलल्यावर करा, म्हणजे सोनेरी महलात शिकलेलं तिथे वापरता येईल: संगमरवर कुठे संपतो आणि चुन्याचा गिलावा कुठे सुरू होतो ते बोटाने दाखवता येतं. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपत राय या बांधणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, तीही शोधा. तिथून पाणचक्की. सामिष खाणाऱ्यांनी संध्याकाळी शहरात नान-कलिया खावा. हे जेवण घाईत करायचं नसतं.

आणि खापरांची गोडी लागलीच असेल तर पुढची सुट्टी तेरला घाला. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावी रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय आहे आणि तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इवलीशी असली तरी मोठी गोष्ट सांगते. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या इटलीतल्या पाँपेई शहरात तिच्याच घडणीची भारतीय मूर्ती सापडली आहे. जाताना सोमवार मात्र टाळा.